साहलीच्या हिमोमीटरने हिमोग्लोबिन कसे मोजावे : पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत

हिमोग्लोबिन मोजण्याची जी साधने आजही प्रयोगशाळांत दिसतात, त्यांत साहलीचे हिमोमीटर सर्वांत साधे आहे. एक छोटी चौकट, एक आखीव नळी, रक्त ओढण्याची एक बारीक नळी म्हणजे पिपेट, काचेची एक कांडी, एक ड्रॉपर आणि दोन बाटल्या एवढाच त्याचा पसारा असतो. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, प्रत्येक तपासणीला नवी पट्टी उघडावी लागत नाही. विल्यम गॉवर्स यांनी १८७८ मध्ये रक्त पाण्याने पातळ करून त्याचा रंग एका ठरावीक रंगाशी जुळवण्याचे उपकरण मांडले होते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील वैद्य हर्मान साहली यांनी १९०२ मध्ये त्यात आम्लाची भर घातली आणि पुढे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचा हात ज्याच्यावर बसला ते हे उपकरण रूढ झाले.

अधिक अचूक पद्धती आल्यावर साहली मागे पडले, ते योग्यच झाले. पण जिथे ते अजून वापरात आहे, निदान शिकण्याशिकवण्यासाठी तरी, तिथे ते नीट वापरले गेले पाहिजे. या पद्धतीत मोठ्या चुका प्रामुख्याने दोन ठिकाणी शिरतात, असे इतकी वर्षे हे काम करताना आणि शिकवताना मला दिसले आहे: पिपेटमध्ये रक्त ओढताना आणि पाण्याचे शेवटचे थेंब टाकताना. बाकीच्या पायऱ्या एका बैठकीत शिकून होतात, म्हणून या लेखात मी त्या दोन जागी मुद्दाम जास्त वेळ थांबणार आहे.

नळीत नेमके काय घडते

रक्ताचा नमुना डेसिनॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, म्हणजे नॉर्मलच्या एक दशांश तीव्रतेच्या आम्लात, मिसळला की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतील हिमोग्लोबिनचे ॲसिड हिमॅटिन तयार होते. त्याचा रंग तपकिरी असतो. हिमोग्लोबिन जितके जास्त तितका हा तपकिरी रंग गडद. आता त्यात थेंब थेंब पाणी घालत गेले की रंग फिका होत जातो आणि एका क्षणी तो चौकटीतल्या तपकिरी काचेइतकाच होतो. तिथवर पोहोचायला किती पाणी लागले, हेच खरे मोजमाप आहे. नळीवरची आखणी त्या पाण्याचे ग्रॅममध्ये केलेले भाषांतर असते.

यात एक हुशारी आहे. एखादा रंग किती गडद आहे हे आपला डोळा सांगू शकत नाही, पण शेजारी ठेवलेले दोन रंग सारखे आहेत की नाहीत हे तो बऱ्यापैकी ओळखतो. साहलीची पद्धत डोळ्याला फक्त दुसरा प्रश्न विचारते आणि पहिल्याचे उत्तर नळीकडून घेते. रक्त आधी तपकिरी करून घेण्याचे कारणही इथेच आहे. ताज्या रक्ताचा लाल रंग त्यातील ऑक्सिजनप्रमाणे बदलतो, शिवाय त्याच्याशी जुळणारा आणि वर्षानुवर्षे न विटणारा प्रमाण रंग तयार करणे कठीण असते; तपकिरी काच मात्र टिकते.

साहित्य तपासून घेणे

चौकटीला कंपॅरेटर म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना तपकिरी प्रमाण काचा, मध्ये नळीसाठी खाच आणि मागे दुधी काच असते. प्रमाण काचांवर बोटांचे ठसे आणि आम्लाचे वाळलेले डाग हमखास असतात, म्हणून त्या मऊ ओल्या कापडाने पुसून मगच कामाला बसावे. मोजनळीच्या एका बाजूला ग्रॅमची आखणी असते, साधारण २ पासून २४ पर्यंत, आणि दुसऱ्या बाजूला टक्क्यांची. ग्रॅमचा अर्थ १०० मिलिलिटर रक्तातील ग्रॅम. टक्क्यांच्या बाजूकडे आम्लाची पातळी पाहण्यापुरतेच लक्ष द्यावे, कारण १०० टक्के म्हणजे किती ग्रॅम, याबाबत वेगवेगळ्या बनावटीच्या संचांत एकमत नाही. काहींत ते १४.५ ग्रॅम धरलेले असते, तर काहींत १७ ग्रॅमच्या पुढे. अहवालात टक्के लिहिण्याची जुनी सवय सोडून द्यावी हे बरे.

मोजनळी आणि कंपॅरेटर ही जोडी असते. एका संचाची नळी फुटली म्हणून दुसऱ्या संचाची नळी त्या चौकटीत खोचू नये. नळी रुंद असली तर प्रकाशाला द्रवाच्या जास्त जाड थरातून यावे लागते, तेच द्रावण जास्त गडद दिसते, आणि आकडा चुकतो तरी तसा संशयसुद्धा येत नाही.

हिमोग्लोबिन पिपेटवर एकच खूण असते, २० मायक्रोलिटरची. जुन्या पिपेटींवर ती २० घन मिलिमीटर अशी लिहिलेली आढळते, दोन्ही एकच. रक्तपेशी मोजण्याच्या पिपेटला मध्ये फुगा असतो, तसा हिला नसतो, त्यामुळे दोघींची गल्लत होण्याचे कारण नाही. पिपेटचे टोक भिंगाखाली पाहून घ्यावे. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका टेबलावरचे सगळे आकडे शेजारच्या टेबलापेक्षा कमी येत होते आणि दोष आम्ही आळीपाळीने आम्लाला, उजेडाला आणि एकमेकांना देत होतो. शेवटी पिपेटचे टोक उडालेले निघाले. टोक उडाले की टोकापासून खुणेपर्यंतची लांबी घटते, रक्त कमी मावते आणि प्रत्येक आकडा तितका खाली येतो.

आम्ल शक्यतो तयारच आणावे. ते स्वतः करण्याची वेळ आलीच तर साधारण १२ नॉर्मल तीव्रतेचे संहत हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ८.३ मिलिलिटर घेऊन, आधी बऱ्याचशा डिस्टिल्ड पाण्यात सावकाश ओतून, मग एकूण एक लिटर करावे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. पातळ करण्यासाठीही डिस्टिल्ड पाणीच वापरावे.

आणखी एक गोष्ट कोणी सहसा करत नाही, ती आवर्जून करावी. रिकाम्या मोजनळीत पाणी घेऊन आपल्या ड्रॉपरच्या एका थेंबाने पातळी ग्रॅमच्या आखणीवर किती चढते, ते दहा थेंब टाकून आणि दहाने भागून काढून ठेवावे. ड्रॉपरचे टोक जाड असेल तर एकेक थेंब मोठा पडतो आणि पातळी उडी मारते. असा ड्रॉपर रंग जुळवण्याच्या शेवटच्या टप्प्यात घात करतो, तो सुरुवातीलाच बाजूला ठेवावा.

आम्ल आधी, रक्त नंतर

रुग्णाच्या बोटाला हात लावण्यापूर्वी मोजनळीत आम्ल भरून ठेवावे. ते टक्क्यांच्या बाजूच्या २० च्या खुणेपर्यंत असावे. आम्ल कमी पडले तर हिमोग्लोबिनचे रूपांतर अर्धवट राहते. आम्ल जास्त झाले तर वेगळीच अडचण येते: रक्तक्षय तीव्र असेल तर पाण्याचा एक थेंबही न टाकता द्रावण प्रमाण काचेहून फिके दिसते आणि मोजायलाच काही उरत नाही. तीव्र रक्तक्षयात ही अडचण खुणेइतके आम्ल घेऊनही येऊ शकते. तेव्हा पुन्हा नव्याने सुरुवात करून पिपेटने दोनदा, म्हणजे ४० मायक्रोलिटर, रक्त घालावे आणि आलेला आकडा निम्मा करावा. असे केल्याची नोंद अहवालावर लिहावी.

बोट टोचणे

रुग्णाला काही मिनिटे शांत बसू द्यावे. आडवे असताना आणि उभे असताना रक्तातील पाण्याचे प्रमाण बदलते, आणि त्याबरोबर हिमोग्लोबिनचा आकडाही. म्हणून एकाच व्यक्तीच्या दोन तपासण्यांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळी ती बसलेली असावी. हात थंड असतील तर ते कोमट पाण्याने किंवा हलक्या चोळण्याने गरम करून घ्यावेत. मधले किंवा अनामिका बोट निवडावे आणि पेराच्या अगदी मध्यावर न टोचता किंचित बाजूला टोचावे, तिथे दुखते कमी. लहान अर्भकाच्या बाबतीत टाचेची बाजू वापरतात आणि ते काम प्रशिक्षित हातानेच व्हावे.

जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. ओल्या स्पिरिटवर टोचले तर थेंब गोल न राहता पसरतो, स्पिरिटही रक्तात मिसळते. प्रत्येक व्यक्तीसाठी नवे निर्जंतुक लॅन्सेट, म्हणजे टोचण्याची छोटी सुई, आणि टोचणे एका ठाम हालचालीने. भीतभीत उथळ टोचणे हा रुग्णावर दयेचा मार्ग नव्हे, कारण मग रक्त येण्यासाठी बोट पिळावे लागते, पिळल्याने ऊतींतील पाणी थेंबात उतरते, आकडा खोटा कमी येतो आणि शेवटी दुसऱ्यांदा टोचावे लागते ते वेगळेच. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकावा आणि दुसरा मोठा थेंब आपोआप जमू द्यावा.

शिरेतील रक्त वापरायचे असल्यास ते ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) बाटलीत घेऊन, पिपेट बुडवण्यापूर्वी बाटली आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी. बाटली उभी राहिली की पेशी तळाशी बसतात. वरचे रक्त ओढले तर रक्तक्षय दिसेल, खालचे ओढले तर हिमोग्लोबिन वाजवीपेक्षा जास्त. दंडाला पट्टा मिनिटभराहून अधिक वेळ बांधून ठेवला तरीही आकडा वाढतो.

वीस मायक्रोलिटर

पिपेट जवळजवळ आडवी धरून तिचे टोक थेंबात बुडवावे, पण बोटाच्या कातडीवर टेकवू नये; टेकले की तोंड बंद होते. रक्त रबरी फुग्याने किंवा पिपेट ओढण्याच्या साधनाने सावकाश ओढावे. जुन्या संचांबरोबर तोंडाने ओढण्याची रबरी नळी येते, ती वापरू नये. तोंड आणि रक्त यांच्यात वीतभर नळी एवढेच अंतर असणे कोणत्याही तपासणीला परवडणारे नाही.

रक्ताची कडा २० च्या खुणेवर आणायची आहे. खूण किंचित ओलांडली गेली तर टोकाला कोरडा टिपकागद हलकेच लावून जास्तीचे रक्त बाहेर घ्यावे. खूण बरीच ओलांडली किंवा मध्ये हवेचा बुडबुडा आला तर ते रक्त टाकून, दुसऱ्या स्वच्छ कोरड्या पिपेटने पुन्हा घ्यावे. बुडबुड्याची जागा अंदाजाने भरून काढता येत नाही. मग पिपेटची बाहेरची बाजू कापसाने पुसावी, मागून टोकाकडे. पुसताना कापूस टोकाच्या तोंडाला लागू देऊ नये, तो आतले रक्त शोषून घेतो आणि खुणेपासून कडा खाली सरकलेली दिसते.

हे सगळे फाजील काटेकोरपणाचे वाटेल, म्हणून हिशोब पाहू. एकूण रक्त २० मायक्रोलिटर. त्यात एक मायक्रोलिटर कमी पडला, म्हणजे पाच टक्के चूक. ज्याचे हिमोग्लोबिन खरोखर १२ ग्रॅम आहे त्याचा आकडा ११.४ येतो. बाहेर चिकटलेले रक्त न पुसता पिपेट आम्लात बुडवली तर चूक उलट दिशेला. आणि एक मायक्रोलिटर म्हणजे काय, तर जेमतेम मिलिमीटरभराचा ठिपका.

आता पिपेटचे टोक मोजनळीत आम्लाच्या तळाशी नेऊन रक्त हळूच सोडावे. ते तळाशी लाल थरासारखे बसते. मग टोक थोडे वर, वरच्या स्वच्छ आम्लात आणून तेच आम्ल दोन-तीनदा पिपेटमध्ये ओढून परत सोडावे, म्हणजे पिपेटच्या आत चिकटलेले रक्तही नळीत उतरते. फुंकताना फेस होऊ देऊ नये. पिपेट रक्तापासून आम्लापर्यंत नेताना रेंगाळू नये, बोटावरचे रक्त गोठायला फार वेळ घेत नाही. सोडून झाल्यावर काचेच्या कांडीने लगेच ढवळावे. लाल रंग पाहता पाहता मळकट होतो आणि मग गडद तपकिरी.

दहा मिनिटे

आता घड्याळ पाहून दहा मिनिटे थांबावे. रूपांतराचा मोठा भाग सुरुवातीलाच होतो, त्यामुळे तीनचार मिनिटांत द्रावण तयार झाल्यासारखे दिसते आणि घाई करण्याचा मोह होतो. पण रंग अजून गडद होत असतो. लवकर वाचलेला आकडा नेहमी कमीच येतो. दहा मिनिटांनंतरही रंग अगदी संथपणे वाढत राहतो, म्हणून एकाला दहा आणि दुसऱ्याला चाळीस मिनिटे असे न करता सगळ्या नमुन्यांना सारखीच वेळ द्यावी. अनेक नमुने असतील तर प्रत्येक नळीची सुरुवातीची वेळ लिहून ठेवावी, आठवणीवर विसंबू नये.

पाणी आणि रंग

नळी कंपॅरेटरमध्ये अशी बसवावी की आखणीच्या रेघा बाजूला राहतील. त्या समोर आल्या की रंगाचा अंदाज बिघडतो. चौकट डोळ्यांच्या पातळीत, खिडकीकडे तोंड करून धरावी. दिवसाचा पसरलेला उजेड सर्वांत चांगला. थेट ऊन नको आणि पिवळट दिव्याचा प्रकाश तर नकोच, त्यात सगळेच तपकिरी दिसते.

सुरुवातीला द्रावण काचेपेक्षा खूप गडद असते, तेव्हा एका वेळी दोनतीन थेंब टाकायला हरकत नाही. प्रत्येक वेळी कांडीने तळापर्यंत ढवळावे. नवखे लोक वरवर ढवळतात. पाणी वर तरंगते, वरचा भाग फिका आणि तळ गडद राहतो, आणि डोळा नेमका फिक्या भागाकडे पाहतो. ढवळून झाल्यावर कांडी द्रवातून वर उचलावी, पण नळीबाहेर काढू नये. तिला लागलेले द्रावण आतल्या बाजूला टेकवून नळीतच निथळू द्यावे. कांडी द्रवात असताना रंग जुळवू नये, तिच्यामुळे द्रावण फिके दिसते. वाचतानाही ती द्रवाबाहेरच हवी, नाहीतर पातळी चढलेली दिसते.

फरक थोडा उरला की वेग कमी करायचा. एक थेंब, ढवळणे, पाहणे. पुन्हा एक थेंब. या टप्प्यावर डोळा थकतो आणि त्याला सगळेच जुळल्यासारखे वाटू लागते. तेव्हा काही क्षण दूरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहून मग परत नळीकडे पाहावे, पहिल्या नजरेचा निर्णय बहुधा बरोबर असतो. जुळले असे वाटले की द्रवाच्या पृष्ठभागाचा खालचा बाक ग्रॅमच्या ज्या रेघेवर आहे तो आकडा लिहून घ्यावा. मग मुद्दाम आणखी एक थेंब टाकून ढवळावे. द्रावण आता काचेपेक्षा स्पष्ट फिके झाले तर आधी लिहिलेला आकडा खरा. अजून सारखेच दिसत असेल तर नवा आकडा लिहावा आणि पुन्हा एक थेंब टाकून पाहावे. एकदा पुढे गेलेले पाणी मागे घेता येत नाही, म्हणून प्रत्येक थेंबाआधी आकडा लिहिण्याची सवय लावून घ्यावी. सुरुवातीला मी हे आकडे लक्षात ठेवत असे, आणि रंग पुढे निघून गेला की आठवत असे फक्त आधीच्या आधीचा आकडा.

आकड्याकडे कसे पाहावे

सगळे नीट करूनही या पद्धतीत साधारण दहा टक्क्यांपर्यंत चूक राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढ पुरुषात १३ ग्रॅमच्या खाली, गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीत १२ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय मानतात. गरोदरपणात ही रेघ ११ ची आहे, आणि २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मधल्या तिमाहीसाठी ती १०.५ केली आहे. आता साहलीवर एका स्त्रीचा आकडा १२ आला, तर खरा आकडा १०.८ पासून १३.२ पर्यंत कुठेही असू शकतो. अशा सीमेवरच्या आकड्यावरून रक्तक्षय आहे किंवा नाही असे ठामपणे सांगणे चुकीचे आहे. तो नमुना अचूक पद्धतीकडे पाठवावा. ७ ग्रॅम आले असतील तर मात्र दहा टक्क्यांच्या चुकीने चित्र बदलत नाही, डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. दशांशानंतर दोन अंक लिहून अचूकतेचा आव आणू नये.

काही रक्तांना ही पद्धत लागूच पडत नाही. कार्बन मोनॉक्साइडशी बांधलेले हिमोग्लोबिन, तसेच मेटहिमोग्लोबिन आणि सल्फहिमोग्लोबिन हे हिमोग्लोबिनचे बिघडलेले प्रकार, यांचे ॲसिड हिमॅटिन नीट होत नाही, त्यामुळे ते मोजणीतून सुटतात. नवजात बाळांच्या रक्तातील गर्भावस्थेचे हिमोग्लोबिनही आम्लाला सहज दाद देत नाही. त्यांच्यासाठी साहली वापरू नये.

अचूक मोजणीसाठी सायनमेथहिमोग्लोबिन पद्धत प्रमाण मानली जाते. तीत २० मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटर ड्रॅबकिन द्रावणात मिसळून ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याचे शोषण यंत्राने मोजतात. सल्फहिमोग्लोबिन वगळता रक्तातील बाकी प्रकार त्यात मोजले जातात आणि डोळ्याचा संबंध उरत नाही. त्या द्रावणात सायनाइड असते, म्हणून ते आम्लाजवळ नेऊ नये आणि साहलीच्या टेबलावर तर ठेवूच नये.

साफसफाई आणि पडताळणी

पिपेट वापरून होताच थंड पाण्याने धुवावी. गरम पाण्याने रक्तातील प्रथिने काचेला घट्ट धरतात. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी, मग ॲसिटोन, आणि हवा ओढून पूर्ण कोरडी करावी. ओल्या पिपेटमध्ये घेतलेले रक्त पातळ होते. वापरलेले लॅन्सेट टोचणाऱ्या वस्तूंच्या बंद डब्यात टाकावे, टोपण परत लावण्याचा प्रयत्न करू नये. रक्त लागलेला कापूस जैविक कचऱ्यात जातो, आणि टेबलावर रक्त सांडले तर तिथे एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट घालून काही मिनिटे राहू द्यावे व मग पुसावे.

महिन्यातून एकदा तोच नमुना साहलीवर आणि सायनमेथ पद्धतीने मोजून दोन्ही आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिहावेत, आणि कोणाच्या हातून, कोणत्या पिपेटने ते आले तेही. फरक कधी वर, कधी खाली असेल तर तो हाताचा आणि डोळ्याचा आहे, सरावाने कमी होतो. फरक दर वेळी एकाच बाजूला, जवळजवळ तेवढाच येत असेल तर आधी पिपेट बदलून पाहावी, मग आम्लाची बाटली, आणि तरीही तो गेला नाही तर ही मोजनळी मुळात या चौकटीची आहे का, हे तपासावे.